गंधाराची तार

आमच्या घरी टीव्ही बघत नाहीत, त्याला गाऊन दाखवतात.

कोपर स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर सरोजचा गायनाचा क्लास आहे. सरोज माझी बायको. हॉलमध्ये सतरंजी, सतरंजीवर मुलं, समोर त्रेचाळीस इंची टीव्ही. मूल गायला लागलं की टीव्हीवर एक ठिपका पळतो. सूर बरोबर असला तर हिरवा, जरा इकडेतिकडे झाला तर पिवळा, फारच भरकटला तर लाल. सरोज ठिपक्याकडे बघते आणि म्हणते, "किंचित वर. अजून. हां, आता ठेव." शेवटी टक्केवारी येते आणि ती पालकांच्या ग्रुपवर जाते. मग शेजारच्या बिल्डिंगमधल्या पोराला ब्याऐंशी कसे आणि आपल्याला एकोणऐंशी कसे, यावर पालक घसा कोरडा करतात. संगीताबद्दल आमच्या भागात एवढी चर्चा पूर्वी कधी झाली नव्हती.

हे सगळं मी बसवलं. ॲपचं नाव सांगत नाही, कारण त्याची काही चूक नाही. चूक कोणाची, तेच सांगायला बसलोय.

अडीच वर्षांपूर्वी सरोजला कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. ती दुर्लक्ष करतेय असं मला वाटलं. संसारात ऐकू न येण्याचं हेच जास्त प्रचलित कारण आहे. पण मग दारावरची बेल गेली. मग एके दिवशी तानपुरा जुळवताना ती तार पिळत राहिली, पिळत राहिली, आणि तार तुटली. तुटलेली तार हातात धरून ती म्हणाली, "अहो, मला हिचा वरचा आवाज येत नाहीये."

ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवून बटण दाबायला लावलं आणि एक आलेख काढला. डावीकडून सरळ निघालेली रेघ मध्येच पाय घसरल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टर तरुण होते.

"वरचे आवाज जातायत. वयाच्या मानाने लवकर, पण जातायत. मशीन लावून घ्या."

"गेलेले परत येतात?"

"जे आहेत ते सांभाळू आपण."

मशीन आलं, शेंगदाण्याएवढं, दोन्ही कानांना. त्याने माणसांचं बोलणं छान ऐकू येऊ लागलं, ज्याची तिला मुळात फारशी हौस नव्हती. तानपुरा मात्र बिघडला. सलग, न हलणारा सूर आला की मशीनला वाटतं आपल्याच पोटात शिट्टी वाजतेय, आणि ते तो आवाज दाबायला जातं. हे मला डॉक्टरांनी समजावलं. त्यांनी गाण्यासाठी म्हणून वेगळा प्रोग्रॅमही टाकून दिला. त्यात तानपुरा दबत नव्हता, पण बादलीत बुडवून वाजवल्यासारखा येत होता.

"तानपुरा म्हणजे बिघाड असं ज्याला वाटतं, ते कानात घालून मी क्लास घेऊ?" सरोज म्हणाली. मशीन डबीत गेलं. फोन आणि समारंभ एवढ्यापुरतं बाहेर यायचं.

"कोणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. सत्तावीस वर्षांत तिने मला फार थोड्या गोष्टी अशा आवाजात सांगितल्यात. शिंप्याचे डोळे गेले तर लोक हळहळतात आणि कापड दुसरीकडे देतात. गाणं शिकवणारीचा कान गेला तर लोक काय करतील, हे बघायची तिची तयारी नव्हती. क्लास हे तिचं काम नव्हतं. क्लास म्हणजे ती होती, आणि उरलेल्या वेळात ती माझी बायको वगैरे होती.

म्हणून मी ॲप शोधलं. कानाने होत नाही ते डोळ्यांनी करायचं, कल्पना साधी होती. ॲपने सुरुवातीला काही प्रश्न विचारले. भाषा कोणती, पट्टी कोणती. ते सरोजने सांगितलं आणि ती पोळ्या करायला गेली. शेवटचा प्रश्न माझ्यावर आला: सूर कशाला धरून मोजायचे, तानपुरा की कीबोर्ड?

मी बी.कॉम. आहे. मी तर्काने गेलो. तानपुऱ्याला चार तारा. एक पंचमाची, दोन षड्जाच्या, एक खर्जाची. हा तानपुरा मी दर दसऱ्याला पुसतो. त्याच्यावर गंधाराची तार नाही हे मला पक्कं ठाऊक. ज्या वाद्याकडे गंधारच नाही ते गंधार कसा मोजणार? कीबोर्डवर सगळे सूर असतात. कीबोर्ड. ओके.

इथे क्लासची एक जुनी रीत सांगायला हवी. नवीन मुलाला सरोज पहिले दोन-तीन महिने गाऊच द्यायची नाही. तानपुऱ्यासमोर बसवायची. खर्जाची जाड तार छेडली की ती विरत जाताना तिच्यातून एक वेगळाच सूर आपोआप वर येतो. तो कोणी वाजवलेला नसतो. मुलाने तो शोधायचा आणि गुणगुणून दाखवायचा. बरोबर असला की सरोज एका लाल वहीत मुलाचं नाव आणि तारीख लिहायची, आणि दुसऱ्या दिवसापासून गाणं सुरू. कंटाळून निम्मी पोरं पळून जायची. मी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून वर्षानुवर्षं पाहिलंय. तो सूर कोणता, हे मी कधी विचारलं नाही.

ॲप आल्यावर रीत बंद झाली. मुलाने गुणगुणलेलं बरोबर की चूक हे आता सांगणार कोण? पालकांना मी म्हटलं, नवीन पद्धत आहे, पहिल्या दिवसापासून गाणं. पालक खूश झाले.

त्या वहीत सान्वीचं नाव चार वर्षांपूर्वीचं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तिला तो सूर बाराव्या दिवशी सापडला होता. एवढ्या लवकर कोणालाच सापडला नव्हता. सान्वी मानपाड्याहून यायची, आजोबांबरोबर, रिक्षाने, रेल्वेच्या पूर्वेकडून पश्चिमेला. आजोबा म्हणजे बाबुराव. तीस वर्षं रंगाच्या कंपनीत नोकरी, आणि तरुणपणी कल्याणच्या एका गायन पार्टीत. चौदा एप्रिलच्या आसपास पंधरा दिवस त्यांच्या पार्टीला घरी जेवायला वेळ नसायचा, असं ते सांगत. क्लासमध्ये ते दाराजवळच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसायचे. कधी काही बोलायचे नाहीत.

ॲप लावल्यावर पहिले काही आठवडे सान्वीचा ठिपका एकाच ठिकाणी अडायचा. बाकी सगळं हिरवं, गंधारावर आली की पिवळं.

"सान्वी, गंधार चढव," सरोज म्हणायची.

पोरगी आधी तानपुऱ्याकडे बघायची, मग टीव्हीकडे, आणि चढवायची. सरोज तिच्याकडे बघत नव्हती. ती ठिपक्याकडे बघत होती. मी दोघींकडे बघत होतो आणि मला अभिमान वाटत होता.

दोन वर्षांत सरोजचं नाव झालं. आधुनिक शिक्षिका. यंदा ऑगस्टमध्ये ठाण्याच्या एका कॉलेजातून फोन आला. संगीत अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर, एकदिवसीय चर्चासत्र, चहा-नाश्त्यासह. संयोजक हेमामॅडम म्हणाल्या, "तुम्ही प्रत्यक्षच दाखवा. आमच्याकडे नुसते बोलणारे खूप आहेत."

सरोजने सान्वीला भूप गायला लावला. भूपात मोजून पाच सूर, आणि त्यातही सगळा जीव गंधारात. मागे भिंतभर पडदा, त्यावर ठिपका. दोन बाजूंना कॉलेजच्या दोन मुली, दोन तानपुरे. सान्वीची आई, बाबुरावांची सून रचना, ऐरोलीच्या कंपनीतून अर्धी रजा टाकून आली होती आणि पहिल्या रांगेतून शूटिंग करत होती. ठिपका हिरवा म्हणजे हिरवागार. मी पडद्याकडे बघत होतो, आणि माझ्या बाजूचे बाबुराव मध्येच उठून बाहेर गेले. वयाप्रमाणे जावं लागतं, असं मी समजलो.

शेवटी शहाण्णव टक्के आले. टाळ्या. हेमामॅडमनी माईकवर सांगितलं, "माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही." शाल, श्रीफळ. सरोजने मशीन घातलं होतं, त्यामुळे टाळ्या तिला नीट ऐकू आल्या.

बाबुराव कॅन्टीनच्या पायरीवर बसलेले सापडले. गालाला हात लावून.

"काय झालं बाबुराव? बरं नाही?"

"दाढ."

"गोळी आणू?"

"गोळीने नाही जायची, साहेब." त्यांनी मला बसायची खूण केली. "राग मानू नका. पोर 'ग'वर आली की टोचतं. आज दोन-दोन तानपुरे होते ना, तर जास्तच टोचलं. घरी पंख्यात खपून जातं."

"पण शहाण्णव टक्के आले."

"ते मी नाही बघितलं. चष्मा विसरलो. मला लांबचं दिसत नाही, ऐकू येतं."



"आमच्या पार्टीला पेटी परवडायची नाही. तुणतुणं आणि ढोलकी. तुणतुण्याच्या तारेला सूर जाऊन चिकटला पाहिजे, नाहीतर लोक हसायचे. पोरीचा चिकटायचा, आधी. आता वर तरंगतो. मी म्हटलं, बाईंना ऐकू येतच असेल, बाई सांगतील. एक वर्ष झालं, दीड वर्ष झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई काही बोलत का नाहीत, साहेब?"

मी दोन कटिंग चहा सांगितले. 

घरी येऊन सरोजला सांगितलं. ती शालीची घडी घालत होती. घडी पूर्ण केली, मग म्हणाली, "तुम्ही ॲपमध्ये काय निवडलं होतंत?"

मी सांगितलं. तर्कासकट सांगितलं. चार तारा, गंधाराची एकही नाही.

"वहीत बत्तीस नावं आहेत," ती म्हणाली. "त्यांनी काय ऐकलं म्हणून मी लिहिली?"

"तो आपोआप येणारा सूर."

"तो गंधार आहे."

खालून भाजीवाल्याची आरोळी गेली. तेवढा वेळ मला बरा वाटला.

"तानपुऱ्यातून निघतो तो गंधार पेटीच्या, म्हणजे तुमच्या कीबोर्डच्या, गंधाराच्या खाली असतो. जरासा." मग समोर कोण बसलंय हे लक्षात घेऊन तिने सोपं केलं. "पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करा. त्यातले चौदा."

"शंभरात चौदा म्हणजे जरासा नाही."

"नाही."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि मी..." तिने शाल कपाटात ठेवली. "मी तरी त्या दिवशी पोळ्याच करत बसले."

तिने मला सेटिंग बदलायला लावलं. मग रचनाने पाठवलेलं शूटिंग त्या ॲपला ऐकवलं. षड्ज हिरवा, रिषभ हिरवा. गंधार पिवळा. पुन्हा गंधार, पुन्हा पिवळा. भूप असल्यामुळे गंधार फार वेळा येत होता. सातव्या-आठव्या पिवळ्याला सरोजने टीव्हीची पिन भिंतीतून काढली. रिमोट हाताशी असताना.

"हे गुपचूप दुरुस्त करता येईल," मी म्हटलं. "नवीन सेटिंग आहे आता. तिला सांग, गंधार उतरव. महिन्याभरात हिरवा होईल. कोणाला काही कळणार नाही."

माझं बोलणं तिला ऐकू आलं होतं. मशीन अजून कानातच होतं. तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

मंगळवारी तिने सान्वीला आणि बाबुरावांना इतरांच्या आधी बोलावलं. सतरंजीवर समोरासमोर बसली, केस कानामागे घेतले आणि मशीन दाखवलं.

"सान्वी, तुझा गंधार चुकीचा लागतोय. तू चुकली नाहीस. मी चुकीचा करून घेतला. मला तो ऐकू येत नाही गं. दोन वर्षांवर झालं."

सान्वी पायाच्या अंगठ्याशी खेळत होती. "मला माहितेय, ताई."

"काय माहितेय?"

"म्हणजे कानाचं नाही. गंधाराचं. तानपुऱ्यातला वेगळाच यायचा. पण मी तो लावला की पिवळं व्हायचं ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, आपला तानपुरा जुना झालाय."

बाबुराव मोठ्याने हसले आणि लगेच थांबले.

"बरं," सरोज म्हणाली, "आता लाव. तानपुऱ्यातला. टीव्ही बंद आहे."

सान्वीने तानपुरा घेतला, डोळे मिटले, सूर लावला. सरोज बाबुरावांच्या तोंडाकडे बघत होती. बाबुरावांचा जबडा हलला.

"वर आहे, बाळा."

पुन्हा.

"अजून वरच."

तिसऱ्यांदा लावताना तिने डोळे उघडले. तेरा वर्षांची पोर, रडायचं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. "आजोबा, मला आता हाच बरोबर वाटतो. तो दुसरा येतच नाही."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि पिंप भरलेलं असताना पिंप भरायला लावलं.

रचनाला त्याच दिवशी फोन केला. ती कानाच्या बाबतीत फार चांगली वागली. "अगं ताई, आधी सांगायचं ना! माझ्या आईला पण आहे मशीन. त्यात काय." मग सरोजने टीव्ही बंद केल्याचं सांगितलं.

"बंद कशाला? सेटिंग चेंज केलंत ना?"

"पुन्हा ठिपक्याकडे बघूनच गाईल ती."

"पण मग प्रोग्रेस कसा कळणार?"

"बाबुरावांना विचारा. त्यांना कळतं."

"पप्पांना?" रचना हसली. "पप्पांना रिक्षाचा हॉर्न पण बेसूर लागतो, ताई."

सरोजने मग स्वतःच ग्रुपवर लिहिलं. कानाचं, गंधाराचं, टीव्हीचं. लपवाछपवी नाही. मी शुद्धलेखन तपासून दिलं. पहिल्या तासात जोडलेल्या हातांची चित्रं एकोणीस आली. "लवकर बऱ्या व्हा" असे पाच निरोप. एका पालकाने आयुर्वेदिक तेलाचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "मॅडम, या महिन्याचे पर्सेंटेज कधी येतील?" येणार नाहीत असं कळल्यावर गळती लागली. बाविसातली तेरा मुलं गेली, बरीचशी पूर्वेला एका क्लासमध्ये. तिथला पडदा पंचावन्न इंची आहे म्हणतात. कान गेला म्हणून एकानेही क्लास सोडला नाही, हे मला मुद्दाम नमूद करायचंय. लोक वाईट नसतात.

हेमामॅडमना स्मरणिकेसाठी निबंध हवा होता. सरोजने दीड पान लिहून पाठवलं, जे झालं ते. त्यांचं उत्तर आलं: लेख उत्तम, फक्त यशोगाथेच्या विभागात बसत नाही.

उरलेल्या नऊ मुलांत सान्वी असेल की नाही, हे तीन आठवडे कळत नव्हतं. नोव्हेंबरात तिची गाण्याची परीक्षा. रचनाने पूर्वेच्या क्लासमध्ये चौकशी केली होती, हे ग्रुपमधूनच समजलं. सरोज मंगळवार आणि रविवार सतरंजी घालायची, सान्वीच्या जागी तानपुरा काढून ठेवायची आणि साडेपाच वाजले की परत कोपऱ्यात उभा करायची. मी एकदा म्हटलं, "नवीन मुलं येतील." ती म्हणाली, "नवीन येतील हो. हिचा गंधार माझ्यापायी गेलाय. तो कुठून येणार?"

चौथ्या रविवारी बेल वाजली. मलाच ऐकू आली. दारात बाबुराव आणि त्यांच्या मागे सान्वी.

"सूनबाई म्हणाली, परीक्षा यंदा नको," बाबुराव चपला काढत म्हणाले. "म्हणजे, मी म्हणालो. ती नंतर म्हणाली."

सरोजने सान्वीला तानपुऱ्यासमोर बसवलं, नवीन मुलाला बसवायची तसं.

"गायचं नाही. फक्त ऐकायचं. सापडला तर गुणगुणायचा. नाही सापडला तर घरी जायचं."

"किती दिवस, ताई?"

"पहिल्या वेळी बारा लागले होते. या वेळी मला माहीत नाही."

सान्वीने खर्ज छेडला. सरोज मांडीवर लाल वही घेऊन बसली, पेनचं टोपण काढून. बाबुरावांनी या वेळी खुर्ची न घेता सतरंजीवर बैठक मारली. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारात. तार विरत गेली. सान्वीने तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणलं. सवयीने सरोजने मान वर करून टीव्हीकडे पाहिलं. काळ्या काचेत आम्ही चौघे दिसत होतो. मग तिने बाबुरावांकडे पाहिलं.

"वर," बाबुराव म्हणाले.

पुन्हा खर्ज. पुन्हा गुणगुणणं. "वर." असं बराच वेळ. मुलीचा आवाज मध्ये एकदा फाटला. पाणी प्यायली, परत बसली.

"अहो, इकडे या," सरोज मला म्हणाली. "दारात काय उभे राहता. बसा."

मी सतरंजीवर बसलो. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. गुडघे वाजले, ते सगळ्यांना ऐकू आले असावेत, एक सोडून. सान्वीने तार छेडली. जाड, काळा आवाज आला आणि हळूहळू पातळ होत गेला. मी कान देऊन ऐकलं.

"आला ऐकू?" सरोजने विचारलं.

दोन वर्षं मी या घरात सगळ्यांना हो म्हणत आलो होतो.

"नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही," ती म्हणाली. मग सान्वीकडे वळली. "तू छेडत राहा गं."